एक नगरसेवक की चार? प्रभागाच्या रेषेवरून पाहिलं तर

मुंबईत 227 प्रभाग, प्रत्येकात एक नगरसेवक. पुण्यात 41 प्रभाग आणि 165 नगरसेवक. एक प्रभाग पाच जणांचा, बाकी चारचे. कोणत्या पक्षाला काय सोयीचं, यावर बरंच बोलून झालंय. इथे फक्त हद्दीचं बोलू.

आखणीचे नियम दोन्हीकडे सारखेच: 2011ची लोकसंख्या, सरासरीच्या 10 टक्के वर-खाली, उत्तरेकडून सुरुवात, प्रगणक गट (जनगणनेत एका प्रगणकाला नेमून दिलेला घरांचा गट) शक्यतो फोडायचा नाही. खरी गोम त्या 10 टक्क्यांत आहे. पुण्यात एका जागेमागे सुमारे 21,100 लोक येतात. एकचा प्रभाग केला तर मुभा 2,100ची, म्हणजे जेमतेम तीन प्रगणक गट. प्रभागांच्या आराखड्यावर ‘आमची वस्ती पलीकडच्या प्रभागात घ्या’ अशी नागरिकांची हरकत बहुधा इथेच अडते, कारण दोनपैकी एक प्रभाग मर्यादेबाहेर जातो. चारच्या प्रभागात मुभा 8,400ची, बारा-तेरा गटांची. हरकतीत गट क्रमांक आणि बदलानंतरची दोन्ही प्रभागांची लोकसंख्या मांडली, तर ती बसायला जागा असते. अर्थात, हीच ऐसपैस जागा आखणाऱ्यालाही मिळते!

आरक्षणातही चारचं पारडं जड. एकच्या प्रभागात अनुसूचित जातींच्या टक्केवारीचा उतरता क्रम लागतो. सीमेवरचे दोन गट सरकले की क्रम बदलू शकतो आणि अख्खा प्रभाग राखीव होतो. महिला आरक्षणात निम्मे प्रभाग जातात ते वेगळेच. चारमध्ये दोन जागा महिलांच्या, त्यामुळे इच्छुकाला घरचा प्रभाग सहसा सोडावा लागत नाही. लढायचं असेल तर चारचा प्रभाग वाईट नाही.

मतदाराला मात्र एक गोष्ट फार छळते. चारच्या प्रभागातल्या अ, ब, क, ड या जागांना स्वतःची हद्दच नसते. चौघेही त्याच 84 हजारांचे प्रतिनिधी, कोणती गल्ली कोणाची हे कुठेच ठरलेलं नाही. त्यात प्रभागाची रेषा नदी, नाला, रेल्वे, मोठा रस्ता पाहून आखतात. असा हद्दीवरचा नाला तुंबला की दोन्ही काठांचे मिळून आठ नगरसेवक होतात, आणि आठांपैकी प्रत्येकाला बोट दाखवायला सात जण. एकच्या पद्धतीत हद्दी जास्त, म्हणून हद्दीवर येणारे नालेही जास्त, हे मान्य. पण तिथे गाठायचे ते दोघेच.