अश्रू की संताप?
व्यासपीठावर नेत्याचा कंठ दाटला की सभा गप्प होते, आवाज चढला की टाळ्या पडतात. ५ जानेवारी २०१६ला बराक ओबामा बंदुकांच्या हिंसाचारावर बोलताना शाळेतल्या गोळीबारात मारल्या गेलेल्या पहिलीतल्या मुलांच्या उल्लेखापाशी येऊन थांबले, बोटाने डोळ्याची कड पुसली. तो थांबाच जास्त बोलून गेला. पण अश्रूंत धोका मोठा. १९७२मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी लढणारे एडमंड मस्की भर बर्फात बोलले, गालावरचं पाणी बर्फाचं म्हणाले, तरी कमकुवतपणाचा शिक्का बसलाच. संतापावर असा संशय कमी, निदान पुरुषांच्या! २०१२मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदेत तेव्हाच्या पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी स्त्रीद्वेषावरून विरोधी पक्षनेत्याला त्यांचीच जुनी वक्तव्यं ऐकवत झापलं, म्हणून तो राग टिकला. नुसत्या आरडाओरड्यापेक्षा मला दाटलेला कंठ परवडतो. तोही कॅमेरा शोधत नसेल तर.