घरचं ताक की प्रोबायोटिक कॅप्सूल?

दाढेसाठी घेतलेला अँटिबायोटिकचा कोर्स संपला आणि भाचीचं पोट बिघडलं. तिचा फोन आला, "मावशी, रोज ताक पिऊ की प्रोबायोटिक कॅप्सूल, म्हणजे पोटाला उपयोगी जिवंत सूक्ष्मजीवांची, आणू?"

खर्चात ताकाला तोड नाही. अर्धा लिटर दूध, चमचाभर विरजण, रात्रभर झाकलेलं पातेलं. सकाळी कवडी दही लागलं की रवीनं घुसळायचं, वर जिरेपूड आणि चिमूटभर सैंधव. कॅप्सूल महिनाभर घ्यायच्या तर बिल शेकड्यांत जातं.

नेमकेपणा मात्र कॅप्सूलचा. विरजणात कोणते जिवाणू, किती, हे घरोघरी वेगळं. कॅप्सूलच्या पाकिटावर दोन्ही छापलेलं असतं. काही कॅप्सूलमध्ये असणारी सॅकरोमायसिस बोलार्डी तर जिवाणू नाही, यीस्ट आहे, म्हणजे एक प्रकारची बुरशी. अँटिबायोटिक जिवाणूंना मारतं, यीस्टला नाही, त्यामुळे औषध चालू असतानाही ती तग धरते.

ताक दुसऱ्या दिवशी आंबतं. त्याची कढी केली तर उकळीत जिवाणू मरतात. आणि बाहेरून आलेले हे पाहुणे, ताकातले असोत वा कॅप्सूलमधले, सहसा आतड्यात कायमचे राहत नाहीत. तिथल्या मूळ वस्तीला हवा असतो चोथा: ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी. तो या दोन्हींत नाही.

रोजच्या जेवणाला ताकच. अँटिबायोटिकनं जुलाब लागले तर डॉक्टरांना विचारून कॅप्सूल. केमोथेरपी चालू असलेल्यांनी ती स्वतःहून मुळीच घेऊ नये. भाचीला मी विचारलं, ताप आहे का, शौचातून रक्त जातंय का? तसं असेल तर दोन्ही बाजूला ठेवून आधी दवाखाना.