घरातला डायनासोर: पाणी, टेप, वाळू, बर्फ की कणीक? एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठी काय निवडाल

डायनासोरचे खेळ शोधायला बसलं की बर्फातली अंडी, ज्वालामुखी, मिठाच्या कणकेतले जीवाश्म, वाळूतलं उत्खनन असं सगळं एका रांगेत समोर येतं. प्रत्येकाखाली ‘लहान मुलांसाठी’ एवढंच लिहिलेलं असतं. पण सव्वा वर्षाचं मूल आणि पावणेतीन वर्षांचं मूल यांच्या खेळात जमीन-अस्मानाचा फरक असतो. म्हणून निवड करताना कोणता खेळ दिसायला छान, हे बाजूला ठेवा आणि दोन प्रश्न विचारा. मूल अजून हाताला लागेल ते तोंडात घालतं का? आणि खेळातली किती कामं ते स्वतः करणार, किती तुम्हाला करावी लागणार? दुसऱ्या प्रश्नावर बरेच गाजलेले खेळ नापास होतात.

आधी डायनासोर तपासा

खेळ कोणताही असो, प्राणी तेच राहणार, त्यामुळे हे एकदाच नीट करून घ्या. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांचे सुटे भाग तपासायला सुमारे 32 मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. तिच्यात जे मावतं ते गळ्यात अडकू शकतं. घरी टॉयलेट पेपरचं रिकामं पुठ्ठ्याचं नळकांडं घ्या. ते थोडं रुंद असतं, म्हणून चाचणी जास्त कडक होते आणि आपल्याला तेच हवं. त्यातून आरपार जाणारा प्राणी या वयासाठी बाद. पाकिटात वीस-तीस मिळणारे बोटभर डायनासोर बहुतेक इथेच गळतात. 10 ते 15 सेंटिमीटरचे चार-पाच प्राणी पुरतात. शेपटीचं टोक आणि शिंगं बोटाने दाबून पाहा, ती वाकली पाहिजेत.

पोकळ की भरीव, हेही बघा. पोटाला भोक असलेला पोकळ प्राणी पाणी पितो आणि आतून काळी बुरशी धरतो. बर्फात गोठवला तर आतलं पाणी फुगून शिवण उकलते. पाण्याचे खेळ करायचे असतील तर भरीव रबरी प्राणी घ्या.

पाण्यात फुगणारे रंगीत जेलचे मणी ‘डायनासोरची अंडी’ म्हणून वापरायचं बऱ्याच ठिकाणी सुचवलेलं असतं. ते घरात आणूच नका. गिळलेला मणी आतड्यात फुगून मार्ग बंद करतो आणि शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.

थोडक्यात चित्र

| खेळ | साधारण वय | तयारी | मूल किती वेळ रमतं | आवराआवर |
|---|---|---|---|---|
| चिखल आणि आंघोळ | 1 वर्षापासून | 5 मिनिटं | 15–25 मिनिटं | मध्यम |
| टेपमधून सुटका | 15 महिन्यांपासून | 3 मिनिटं | 5–10 मिनिटं | जवळजवळ नाही |
| ओट्सची वाळू | 1 वर्षापासून | 15 मिनिटं | 10–20 मिनिटं | झाडू |
| खरी वाळू | तोंडात घालणं थांबल्यावर | 5 मिनिटं | 20–30 मिनिटं | जास्त |
| बर्फातली अंडी | दीड वर्षापासून, बदल करून | आदल्या रात्री | 10–25 मिनिटं | टॉवेल |
| मिठाची कणीक | अडीच वर्षांनंतर | 15 मिनिटं आणि वाळवण | 10 मिनिटं | मध्यम |
| ज्वालामुखी | अडीच वर्षांनंतर | 5 मिनिटं | अर्धा मिनिट! | मध्यम |

वेळा अंदाजाच्या आहेत. झोप झालेली असेल तर दुप्पट, भूक लागलेली असेल तर शून्य.

पाणी विरुद्ध बर्फ

एकच खेळ निवडायचा असेल तर मळलेल्या डायनासोरांना आंघोळ घाला. दोन पसरट भांडी घ्या. एकात चिखल: 2 कप कॉर्नफ्लोअर, 2 टेबलस्पून कोको पावडर आणि 1 कपाला थोडं कमी पाणी. पाणी चमच्याचमच्याने घाला. मिश्रण मुठीत दाबल्यावर घट्ट आणि मूठ उघडल्यावर वाहतं झालं की थांबा. दुसऱ्या भांड्यात 2–3 सेंटिमीटर कोमट पाणी, एक जुना दातांचा ब्रश आणि एक स्पंज. मळवायचं, धुवायचं, परत मळवायचं. काय करायचं ते मुलाला सांगावं लागत नाही, काही चुकण्याची सोय नाही आणि चिखल तोंडात गेला तरी चिंता नाही.

बिघडतं ते शेवटी, आवरताना. कॉर्नफ्लोअरचं मिश्रण मोरीत ओतू नका, ते तळाशी बसून पाइप तुंबवतं. भांडं तसंच ठेवा, वरचं पाणी काढून टाका, उरलेलं सुकल्यावर खरवडून कचऱ्यात टाका. पाण्याजवळ मुलाला हाताच्या अंतरावर ठेवा. अगदी 5 सेंटिमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं, म्हणून दार वाजलं तर एकतर मुलाला उचला किंवा टब उपडा करा.

बर्फाची मजा वेगळी आहे. आत काहीतरी दिसतंय, हाताला मात्र येत नाही, ही ओढ दोन वर्षांच्या पुढच्या मुलाला चांगलीच धरून ठेवते. पण नेहमीच्या पद्धतीत तीन गोष्टी फसतात.

पहिली, फुग्यात पाणी भरून अंडं करणं. फुटलेल्या फुग्याचे तुकडे गुदमरण्याच्या दृष्टीने फार वाईट, त्यामुळे त्याऐवजी प्राणी आडवा मावेल असा मऊ डबा किंवा सिलिकॉनचा साचा वापरा. दुसरी, प्राणी आणि पाणी एकदम घालणं. हलका प्राणी तरंगतो आणि अर्धा बाहेर राहतो. आधी 2 सेंटिमीटर पाणी गोठवा, त्यावर प्राणी आडवा ठेवा, मग थंड पाणी ओतून रात्रभर ठेवा. तिसरी, अंडं फ्रीझरमधून थेट हातात देणं. कोरडा बर्फाळ पृष्ठभाग ओल्या बोटांना चिकटतो. पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवा, वरून ओला चकचकीत दिसू लागला की द्या.

आता वयाप्रमाणे बदल. दीड वर्षाच्या मुलासाठी तरंगण्याची तीच ‘चूक’ मुद्दाम करा: थोडंच पाणी घ्या आणि शेपूट बाहेर राहू द्या. ओढलं की थोडं हलतं, कोमट पाण्यात बुडवलं की सुटतं, आणि दोन-चार मिनिटांत विजय हाती. पूर्ण गोठलेलं अंडं या वयात नुसतं गार दगड ठरतं. अडीच वर्षांच्या मुलाला पूर्ण अंडं, वाटीभर कोमट पाणी आणि पळी द्या. पळीने पाणी घालत वितळवायला वीसेक मिनिटं सहज जातात. कंटाळा दिसला तर अंडं भरपूर कोमट पाण्यात सोडा, लवकर मोकळं होतं.

वितळवायला मीठ देण्याची युक्ती मोठ्या मुलांसाठी राखून ठेवा. मिठामुळे बर्फाचं पाणी शून्याच्या बरंच खाली जातं आणि त्वचेला इजा करू शकतं, शिवाय खारट हात डोळ्यांत जातात. हातोडीही नको, कपच्या उडतात.

कोणती वाळू?

खरी वाळू, कायनेटिक वाळू आणि ओट्सची वाळू असे तीन पर्याय. मूल तोंडात घालत असेल तर विचार करण्यासारखं काही नाही, ओट्सच घ्या. 4 कप ओट्स मंद आचेवर आठ-दहा मिनिटं कोरडे भाजा, गार करा आणि मिक्सरमधून दोन-तीन झटके देऊन रवाळ काढा. जास्त फिरवलं तर पीठ होतं, उडतं आणि नाकात जातं. ही वाळू कोरडीच ठेवायची. ओल्या हाताने खेळली गेली असेल तर त्याच दिवशी फेकून द्या, नाहीतर आठवडाभर बंद डब्यात टिकते.

खरी वाळू धुतलेली, मुलांच्या खेळासाठीची असावी. बांधकामाची नको, तिच्यात बारीक धूळ असते. 40 बाय 30 सेंटिमीटरच्या टबात 4 सेंटिमीटर थर द्यायला सात किलोच्या आसपास वाळू लागते. भरलेला टब उचलणं जड जातं, तेव्हा जिथे खेळायचं तिथेच भरा. पायाचे ठसे उमटवायचे असतील तर एका लिटर वाळूला 2–3 टेबलस्पून पाणी मिसळा. कोरड्या वाळूत ठसा ढासळतो आणि मूल दोनदा करून सोडून देतं.

कायनेटिक वाळूवर सिलिकॉन तेलाचा लेप असतो, त्यामुळे ती सुकत नाही, उडत नाही आणि किलोभरात एक ताट भरतं. ठसे तर सुरेख येतात. फक्त तिच्यात पाणी पडू देऊ नका आणि गालिच्यापासून लांब ठेवा. लहान घरात, तोंडात घालणं थांबलेल्या मुलासाठी हीच जास्त सोयीची.

कोरडा तांदूळ आणि कडधान्यं सर्रास वापरली जातात. दोन वर्षांखाली ती टाळलेली बरी, कारण दाणा नाकात किंवा कानात जातो आणि कडधान्य तिथे ओलाव्याने फुगतं. गुळगुळीत फरशीवर सांडलेल्या तांदळावरून मोठी माणसंसुद्धा घसरतात, ते वेगळंच.

सगळीकडे एकच नियम पाळा: प्राणी पूर्ण पुरू नका. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला डोकं किंवा पाठीवरच्या तबकड्या वर दिसू द्या. ‘इथे काहीतरी आहे’ यावर विश्वास ठेवून खणत राहायला थोडं मोठं व्हावं लागतं.

कणीक आणि ज्वालामुखी: गाजावाजा जास्त

मिठाच्या कणकेतले जीवाश्म फोटोत उठून दिसतात. प्रमाण सोपं आहे: 2 कप मैदा, 1 कप मीठ, पाऊण ते 1 कप पाणी, पाच-सात मिनिटं मळायचं. पण हे वजनात मांडून पाहा. एका कपात सुमारे 280 ग्रॅम मीठ बसतं, म्हणजे तयार कणकेचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग नुसतं मीठ. 30 ग्रॅमच्या छोट्या गोळीत दहा ग्रॅमच्या पुढे, आणि या वयाच्या मुलाला अख्ख्या दिवसात साधारण 2 ग्रॅमच्या वर मीठ जाऊ नये. शिवाय कच्च्या पिठात जंतू असू शकतात. म्हणून चाखण्याची सवय पूर्ण सुटेपर्यंत हा खेळ नको. घरात कुत्रा असेल तर वाळत घातलेले तुकडेही त्याच्या आवाक्याबाहेर ठेवा.

करायचंच असेल तर पोळीची जाडी 1 सेंटिमीटर ठेवा. पातळ असेल तर वाकते, जाड असेल तर आतून ओली राहते. प्राण्याचे पाय कोरड्या मैद्यात टेकवून मग दाबा, म्हणजे चिकटत नाहीत. ओव्हन 100–110 अंश सेल्सियसवर, दोन-तीन तास, मध्ये एकदा उलटून. घाईने तापमान वाढवलं की पोळी फुगते आणि ठसा पुसला जातो. मुलाचा यात खरा वाटा दहा मिनिटांचा, ठसे मारण्यापुरता.

ज्वालामुखीची गत त्याहून वाईट. 2 टेबलस्पून खायचा सोडा, 60 मिलिलिटर व्हिनेगर, अर्धा मिनिट फेस, आणि तोही मोठ्यांनी ओतलेला. मूल ‘परत!’ म्हणत राहतं आणि तुम्ही ओतत राहता. तेच सामान उलटं मांडा: ताटात सोड्याचा 1 सेंटिमीटर थर, त्यावर डायनासोर उभे, आणि मुलाच्या हातात निम्मं पाणी घातलेल्या व्हिनेगरची लहान वाटी आणि चमचा. प्रत्येक चमच्याला फेस येतो आणि खेळ पंधरा मिनिटं चालतो. डोळ्यात उडालं तर लगेच साध्या पाण्याने भरपूर धुवा. सोडा खायला देऊ नका.

पसारा नकोच असेल तर

मास्किंग टेपने चार डायनासोर ताटाला चिकटवा आणि प्रत्येक पट्टीचं एक टोक दोन सेंटिमीटर दुमडून ‘कान’ ठेवा. तो कान नसेल तर सव्वा-दीड वर्षाच्या बोटांना पट्टी सुटत नाही आणि रडारड होते. पारदर्शक चिकटपट्टी वापरू नका, ती फाटते आणि तोंडात गेलेला तुकडा दिसत नाही. किती पट्ट्या लावल्या ते मोजा आणि तेवढ्याच परत गोळा करा.

जोड्या लावण्यासाठी छापील वर्कशीटपेक्षा घरातले प्राणी बरे. आधी प्राणी आणि त्याचा खऱ्या आकारातला फोटो, मग प्राणी आणि बाह्यरेषा, शेवटी प्राणी आणि काळी सावली, अशी चढती पायरी ठेवा. ओळख लांबून पटेल असेच आकार घ्या: ब्रॅकिओसॉरसची मान, स्टेगोसॉरसच्या पाठीवरच्या तबकड्या, ट्रायसेराटॉप्सची तीन शिंगं. दोन मांसाहारी डायनासोर शेजारी ठेवले तर मोठेही गोंधळतात. सुरुवात दोन जोड्यांनी करा, सहांनी नको.

बसून खेळायचं मूडच नसेल तर 12 मीटर दोरी जमिनीवर पसरा. टी-रेक्स साधारण एवढा लांब होता. जागा नसेल तर खोल्याखोल्यांतून वळवत न्या. दोरीवरून चालायचं आणि शेवटी जोरात डरकाळी. खडूने मीटरभर रुंदीचा ठसाही काढता येतो. लांब मानेच्या डायनासोरांचे तेवढे आणि त्याहून मोठे ठसे खरोखर सापडले आहेत, आणि मूल त्यात मांडी घालून बसू शकतं. डरकाळीला घाबरणारं मूल असेल तर दात विचकणारे प्राणी पेटीतच राहू द्या आणि झाडपाला खाणाऱ्यांना जेवण भरवण्यापासून सुरुवात करा.

पाकिटात पंख पसरलेला टेरॅनोडॉन आणि पाठीवर शीड असलेला डायमेट्रोडॉन हमखास येतात. हे दोघेही डायनासोर नव्हेत. दोन वर्षांच्या मुलाला हे समजावत बसू नका, फक्त नावाने हाक मारा. संचात गुहेतला माणूस असेल तर तो मात्र काढून ठेवा. शेवटचे मोठे डायनासोर 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी संपले, माणूस त्यानंतर कितीतरी उशिरा आला.

रोज नवा खेळ मांडायची गरज नसते. एकच खेळ तीन दिवस ठेवा आणि रोज एकच गोष्ट बदला: पहिल्या दिवशी चिखल आणि ब्रश, दुसऱ्या दिवशी ब्रशऐवजी गाळणं, तिसऱ्या दिवशी एक नवा प्राणी. बाकीचे पेटीत, नजरेआड. खेळ संपल्यावर प्राणी ताटलीत गोळा न करता शेपटीवर उभे किंवा आडवे पसरून सुकवा. बोटांच्या बेचक्यांत आणि जबड्यात अडकलेला चिखल ओला राहिला तर दुसऱ्याच दिवशी वास मारतो.