फिट किट: काम चोख, पण जंत शोधायला नव्हे

फिट म्हणजे शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी चाचणी. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या तपासणीसाठीचं हे घरगुती किट वापरायला सोपं आहे. शौच कोरड्या कागदावर घ्या, भांड्यातल्या पाण्यात पडू देऊ नका. किटमधल्या काडीचं खाचांचं टोक शौचात चार-पाच ठिकाणी फिरवा. खाचा भरल्या की पुरे. ढीगभर नमुना कोंबला तर निकाल बिघडतो. मासिक पाळीत किंवा मूळव्याधीतून रक्त येत असताना चाचणी टाळा. पथ्य काहीच नाही, कारण ती फक्त मानवी हिमोग्लोबिन ओळखते. खरी अडचण उष्णतेची: नमुन्याची बाटली तापली की हिमोग्लोबिन विघटतं आणि खोटा ‘निगेटिव्ह’ येतो.

‘जंतांमुळे कर्करोग’ या धास्तीने हे किट घेऊ नका. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी संबंधाचा संशय मुख्यतः शिस्टोसोमा जॅपोनिकम या जंतावर आहे. कर्करोगकारक गोष्टींच्या जागतिक वर्गीकरणात तो ‘२ बी’, म्हणजे शक्यता, सिद्धता नव्हे. त्याची अंडी शोधायला शौचाचे वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. त्यावर औषध प्राझिक्वांटेल. नेहमीची अल्बेंडाझोलची गोळी इथे कुचकामी.

अंकुशकृमीनेही रक्तस्राव होतो. तरी ‘पॉझिटिव्ह’ आल्यावर जंताची गोळी घेऊन कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची कॅमेऱ्याने तपासणी) टाळणं ही घोडचूक.