अजिलिटी सेट, आठ महिन्यांनंतर : काठ्या ठीक, खिळे फुकट

मागच्या दिवाळीचे फटाके थंडावले आणि मी कुत्र्यांच्या अजिलिटीचा, म्हणजे अडथळे पार करत धावण्याच्या खेळाचा, हा सेट मागवला. बारा वीव्ह पोल्स (म्हणजे ज्यांच्या मधून कुत्र्याने नागमोडी जायचं त्या रांगेतल्या काठ्या), कापडी बोगदा, उड्यांसाठी दोन अडथळे आणि सगळं कोंबायला एक पिशवी, किंमत ४,८०० रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हुबेहूब हाच माल चार-पाच वेगवेगळ्या नावांनी विकला जातो. पाचपैकी तीन तारे देते. त्यातलाही एक तारा ठमीचा आहे, सेटचा नाही.

ठमी म्हणजे आमची गावठी कुत्री. तीन वर्षांची, वजन सोळा किलो. पार्ल्यात रोज सकाळ-संध्याकाळ फिरवूनही रात्री दहाला तोंडात चप्पल धरून घरभर पळायची. अजिलिटी हा खेळ १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स श्वानप्रदर्शनात पहिल्यांदा दाखवला गेला. कल्पना घोड्यांच्या उड्यांच्या शर्यतीवरून घेतली होती. आम्हाला शर्यत वगैरे खेळायची नव्हतीच, चपला वाचवायच्या होत्या.

पहिली अडचण पहिल्याच दिवशी आली. काठ्या जमिनीत खोचायला खाली लोखंडी खिळे दिले आहेत. जाहिरातीत मागे हिरवळ दिसते. आमच्या सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉक आणि गच्चीवर चायना मोझॅक. खिळा घालू कुठे? रविवारी पहाटे जुहूला नेऊन बघितलं. वाळूत जातात झकास, पण ठमीचा खांदा लागला की काठी आडवी. शिवाय खाऱ्या हवेने दोन महिन्यांत खिळ्यांवर गंज चढला.

दुसरी अडचण मला जानेवारीत कळली आणि तिचा राग अजून गेलेला नाही. सोबतच्या दोरीवर काठ्यांसाठी ज्या खुणा आहेत त्या ५० सेंटीमीटरवर. आंतरराष्ट्रीय नियमात दोन काठ्यांमधलं अंतर ६० सेंटीमीटर असतं, म्हणजे बारा काठ्यांची रांग ६.६ मीटर. दहा सेंटीमीटरने काय होतंय, असं मलाही वाटलं. पण मुलाने मोबाइलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढला तेव्हा दिसलं की ठमी प्रत्येक फटीत अडखळून दोन्ही पुढचे पाय एकदम आपटत होती, पाठ आखडून. अंतर वाढवल्यावर आठवडाभरात तिची चाल सुटली. आता एका फटीत एक पंजा, पुढच्या फटीत दुसरा, पाण्यात हात मारल्यासारखं. दोष कुत्रीचा समजून मी महिनाभर तिच्यावर चिडत होते!

शेवटी खिडक्यांचे ग्रिल करणाऱ्याकडून लोखंडी पट्ट्या बनवून घेतल्या. एका पट्टीवर चार काठ्या, अशा तीन पट्ट्या, प्रत्येकी १.८ मीटर, म्हणजे लिफ्टमध्ये तिरक्या बसतात. पट्टी कलंडू नये म्हणून आडवे पाय आहेत, पण ते ज्या बाजूने कुत्रं जातं त्याच्या उलट बाजूला जोडायला सांगा. माझ्या पहिल्या पट्टीवर ते दोन्हीकडे होते आणि ठमीचं नख अडकलं. पट्ट्या मांडताना मधलं अंतर सासूबाईंच्या शिवणाच्या टेपने मोजते.

आता शिकवण्याबद्दल, कारण सेटसोबत आलेल्या कागदावर दोन ओळींपलीकडे काही नाही. पहिली काठी कुत्र्याच्या डाव्या खांद्याला आली पाहिजे, कुठूनही धावत आलं तरी. सगळी मेख या प्रवेशात आहे. आत शिरल्यावर नागमोडी जाणं त्यांना त्यामानाने लवकर जमतं. आधी मी काठ्यांच्या दोन समांतर रांगा लावून मधून पळवायचं आणि रांगा हळूहळू जवळ आणायच्या, ही पद्धत केली. ठमी मधून फास्ट लोकलसारखी सरळ जायची आणि रांगा जरा घट्ट केल्या की बाजूने बाहेर. चूक माझीच, घाई केली. मग दोनच काठ्यांपासून सुरुवात केली. समोरून, बाजूने, तिरकं, घड्याळाच्या काट्यासारखी जागा बदलत तिला पाठवायचं आणि बरोबर शिरली की खाऊ हातातून न देता रांगेच्या पुढे टाकायचा. हे महत्त्वाचं. हातातून दिलं की कुत्रं मान वळवून तुमच्या हाताकडे बघत राहतं आणि रांग सोडतं. दोनच्या चार, चारच्या सहा, असं करत मार्चअखेर सहा काठ्या जमल्या. बारा मे महिन्यात. मध्ये एकदा लक्षात आलं की मी तिच्या उजवीकडे असले तरच तिला जमतं. मग डाव्या बाजूने जवळजवळ सगळं पुन्हा शिकवलं.

हुकूम आहे ‘विण!’ शेजारच्या काकूंनी दोन आठवडे ऐकून मला विचारलं, ‘स्वेटर कुणासाठी गं?’ खाऊ पनीरचा, कारण सासूबाईंच्या स्वयंपाकघरात चिकन शिजत नाही. एका वेळी पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, बस. पाठ सतत वळते, त्यामुळे जास्त ताणू नये. पिल्लांना तर पूर्ण वाढ होईपर्यंत काठ्या आणि उंच उड्या नकोतच, साधारण वर्ष-दीड वर्षं थांबावं आणि आधी डॉक्टरांना दाखवावं.

बोगदा ठमीला पहिल्या दिवसापासून आवडला, पण कापड पातळ आहे. गुळगुळीत गच्चीवर तो तिच्यासकट सरकायचा. दोन्ही बाजूंना रेतीच्या पिशव्या टेकवल्यावर थांबला. तिसऱ्या महिन्यात नखाने फाटला. चांभाराकडून शिवून घेतला, ती शिवण मूळ शिवणीपेक्षा मजबूत निघाली.

उड्यांच्या अडथळ्याबद्दल मात्र सावध करते. आडवी दांडी क्लिपने घट्ट बसवलेली येते. धक्का लागला की दांडी पडली पाहिजे, नाहीतर पाय अडकून कुत्रं तोंडावर आपटतं. मी क्लिपा अर्ध्या कापून नुसते टेकू ठेवले. दांडी ठमीच्या कोपराच्या वर चढवलेली नाही. सीसॉ सेटमध्ये नाही, ते बरंच आहे. दिवाळीत पलंगाखाली बसणाऱ्या कुत्रीला फळी आपटल्याचा आवाज सोसवणार नाही. मी गोधडीच्या घडीवर फळी ठेवून नुसती हलायची सवय करते आहे, अजून आपटू दिलेली नाही.

एप्रिल-मे गच्चीवर अवघड गेला. साडेसहाच्या आत आटोपायचं, आणि तरीही तळहाताची मागची बाजू लादीला लावून बघायची. मला चटका बसला तर तिलाही बसणार. त्यात कुरडया आणि साबुदाण्याच्या पापड्यांचा हंगाम. एकदा ठमी बोगद्यातून निघाली ती थेट तिसऱ्या मजल्याच्या चिकवड्यांवर. सेक्रेटरींनी गच्चीची किल्ली पंधरा दिवस काढून घेतली, आणि खरं सांगायचं तर बरोबरच केलं.

आता पावसाळ्यात सगळं स्टिल्ट पार्किंगमध्ये, दोन गाड्यांच्या मधल्या जागेत. तिथे चारच काठ्या मावतात, पण प्रवेशाचा सराव होतो. बोगद्याला बुरशीचा वास येतो, व्हिनेगरच्या पाण्याने पुसून पंख्याखाली वाळवावा लागतो. काठ्यांचा पिवळा रंग उडाला असला तरी एकही काठी मोडलेली नाही.

तेव्हा घ्यायचा असेल तर काठ्यांसाठी घ्या, पट्टीचे वेगळे पैसे धरा आणि ती खुणांची दोरी पहिल्याच दिवशी फेकून द्या. चपलांचं म्हणाल तर मार्चपासून एकही गेलेली नाही, सासूबाईंच्या नव्या कोल्हापुरीचा अपवाद सोडला तर. खिळे वाया गेले नाहीत. आठ बाल्कनीत कारल्याच्या वेलाला लागले, उरलेल्या चारांवर दुधी चढतो आहे.