लष्करी लिलावातला ट्रक, बनावट फॉर्म २१ आणि घासून ठोकलेला चेसिस नंबर

कोकणात ज्यांच्या बागा उतारावर आहेत, त्यांना चारही चाकांना ताकद असलेला ट्रक किती लागतो हे वेगळं सांगायला नको. पावसाळा सरल्यावर शेणखत आणि चिरे वर चढवायचे तर साधा टेम्पो पहिल्याच चढाला चाक फिरवत बसतो. त्यामुळे लष्करातून बाद झालेल्या गाड्यांची चौकशी आमच्याकडे कायम चालू असते. पूर्वी शक्तिमान शोधायचे, आता टाटाचा अडीच टनी एलपीटीए ७१३ नाहीतर लेलँडचा स्टॅलियन शोधतात. या गरजेवरच पोट भरणारी माणसं आहेत. त्यांनी मला पाच लाख पंच्याऐंशी हजारांना बुडवलं: गाडीचे दोन लाख पंच्याऐंशी, गॅरेजचे दोन लाख चाळीस आणि पासिंगच्या नावाखाली साठ हजार. आणखी कोणी यात सापडू नये म्हणून जे घडलं ते सगळं लिहितो आहे.

आधी खरा रस्ता कसा असतो ते सांगतो, म्हणजे खोटा कुठे फुटतो ते कळेल. लष्कराच्या गाडीला आरटीओचा नंबर नसतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० खाली तिची नोंद लष्कराकडेच असते आणि तिला बीए नंबर असतो, तो वर टोक असलेल्या बाणाने सुरू होतो. गाडी बाद झाली की बहुतेक वेळा एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या संकेतस्थळावर ई-लिलाव होतो. गाडी सरकारच्या मालकीतून बाहेर पडली की ती तुमच्या-माझ्या गाडीसारखीच कायद्याखाली येते आणि नोंदणी करावी लागते. त्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ४७ प्रमाणे लष्कराच्या संबंधित अधिकाऱ्यांनी दिलेला मूळ विक्री दाखला लागतो, फॉर्म २१ मध्ये. झेरॉक्स चालत नाही, रंगीत तर नाहीच. या एका कागदावर सगळा व्यवहार उभा असतो.

पण लिलावातली प्रत्येक गाडी रस्त्यावर आणण्यासाठी विकलेली नसते. काही लॉट निव्वळ भंगार म्हणून निघतात. स्क्रॅपिंगचे नियम २०२१ मध्ये आल्यापासून जुन्या सरकारी गाड्यांचे बरेच लॉट 'ईएलव्ही', म्हणजे आयुष्य संपलेल्या गाड्या, म्हणून काढतात, ते फक्त नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रालाच घेता येतात. अशा गाडीची चेसिस कापली जाणं अपेक्षित असतं. ती न कापता बाहेर काढून, रंग मारून, 'चालू गाडी' म्हणून गळ्यात मारायची हा यांचा धंदा.

मला एलपीटीए दाखवणारा व्यापारी पुण्याकडचा. सोबत एक जण होता, तो स्वतःला माजी सुभेदार म्हणवायचा. वर्दीतला फोटो, कँटीन कार्ड, बोलण्यात पलटण आणि पोस्टिंग. आमच्या भागात फौजेतल्या माणसाच्या शब्दावर कोणी शंका घेत नाही आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मला पैशांपेक्षा जास्त चीड त्याची येते. ज्या वर्दीसाठी आमच्या वाड्यांतली पोरं पहाटे धावायला जातात, ती त्याने गिऱ्हाईक गटवायला वापरली.

इसार घेताना व्यापाऱ्याने मला फॉर्म २१ दाखवला. गोल शिक्का, सही, चेसिस नंबर, इंजिन नंबर, सगळं जागच्या जागी. खरेदीदार म्हणून थेट माझं नाव छापलेलं होतं. "बघा मालक, डायरेक्ट तुमच्या नावावर काढलाय, मधे आमचं नावच नको," असं तो म्हणाला. ऐकायला सोयीचं वाटतं. पण नीट विचार करा: लिलावात बोली त्याने लावली, गाडी विकणाऱ्या लष्करी डेपोत पैसे त्याने भरले, मग डेपो माझ्या नावाने दाखला का देईल? दाखला बोली जिंकणाऱ्याच्याच नावाने निघतो. कोणाही व्यापाऱ्याने तुमचं नाव छापलेला लष्करी दाखला पुढे केला, तर तिथूनच परत फिरा.

दुसरी खूण बिलातच होती. जीएसटी बिलावर मालाच्या नावापुढे एचएसएन नंबर असतो. माल वाहणाऱ्या मोटारीचा नंबर ८७०४ ने सुरू होतो. माझ्या बिलावर ७२०४ होता. ७२०४ म्हणजे लोखंडाचं भंगार. बिलाच्या मजकुरात 'मिलिटरी ट्रक' असं ठळक लिहिलेलं आणि शेजारच्या बारीक रकान्यात भंगाराचा नंबर. म्हणजे सरकारदरबारी त्याने मला ट्रक विकलाच नव्हता, लोखंड विकलं होतं. पुढे हात वर करायची सोय त्याने पहिल्याच दिवशी करून ठेवली होती.

आता दुरुस्तीचं. त्याचं म्हणणं असं की नोंदणीच्या वेळी गाडी आरटीओसमोर उभी करावी लागते, मग ती चालू हवी, ब्रेक-लाइट हवेत, म्हणून आधी गॅरेज आणि मग पासिंग. यातला पहिला भाग खरा आहे. कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे गाडी तपासणीसाठी न्यावी लागतेच. पण कागद खरा आहे का, चेसिस जुळते का, हे पाहायला गाडी चालू असावी लागत नाही. खऱ्याला खोटं चिकटवून त्याने गाडी स्वतःच्या ओळखीच्या गॅरेजला लावली. एकदा इंजिन खोलून टेबलावर पसरलं की माणूस मागे फिरत नाही, हे त्यांचं गणित.

गॅरेजमध्ये काय झालं ते थोडक्यात सांगतो. स्लीव्ह-पिस्टन बदलले, क्रँक लेथला टाकला, डिझेल पंप कॅलिब्रेट केला, पाटे चढवले. इंजिनचा माल टाटाचा, तो बाजारात मिळतो. पण इंजिनचा जोर पुढच्या चाकांपर्यंत पोचवणाऱ्या दात्यांच्या पेट्या, म्हणजे पुढचं डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस, यांचे सुटे भाग जुन्या लष्करी मालाच्या व्यापाऱ्यांकडेच सापडतात आणि त्यांचा भाव मिस्त्री सांगेल तो. मला पुढच्या डिफरन्शियलचे नवे बेअरिंग आणि क्राऊन-पिनियन लावल्याचं बिल दिलं. जुना माल मागितला तेव्हा "भंगारात गेला" असं उत्तर मिळालं. नंतर आमच्या तालुक्यातल्या मिस्त्रीने हाऊसिंग खोललं तर आत जुनेच दात, वरून ताजं ग्रीस. चारचाकी जोर लावायचा लिव्हर ओढला की पुढून करकर यायची ती त्यामुळेच. म्हणून, बदललेला प्रत्येक भाग हातात मागून घ्या. 'भंगारात गेला' हे उत्तर घेऊच नका.

भानगड बाहेर आली ती रंगामुळे. लष्कराचा ऑलिव्ह हिरवा रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांशिवाय कोणाला वापरता येत नाही, नियम १२१ तसा स्पष्ट आहे. म्हणून गाडी घरी आणल्यावर मी ती रंगवायला दिली. पेंटरने मागच्या फाळक्यावर पॉलिश पेपर मारला तसा वरचा थर गेला आणि खालून जुना पांढरा रंग दिसू लागला. आधी बाण, मग ९९, मग एक अक्षर. आमच्या वाडीतले तात्या ईएमईतून, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेतून, हवालदार म्हणून निवृत्त झालेत. ते सहज बघायला आले होते. त्यांनी माझ्याकडून फॉर्म २१ मागून घेतला, चष्मा वर करून बीए नंबर वाचला आणि विचारलं, "अरे, बाणानंतरचे दोन आकडे गाडीच्या सालाचे असतात. कागदावर ०५ आहे, गाडीवर ९९ कसे?"

व्यापाऱ्याला फोन केला तर म्हणाला, फाळका दुसऱ्या गाडीचा बसवलाय, लॉटमध्ये अदलाबदल होते. हेही अशक्य नाही, म्हणून त्याचं खोटं पुन्हा पचलं असतं. पण तात्यांनी हट्ट धरला की आता चेसिसच बघायची. गाडी टोचण लावून आरटीओत नेली, कारण नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर चालवणं हा कलम १९२ खाली गुन्हा आहे आणि वर अपघात झाला तर विम्याचं काय होईल ते विचारूच नका.

मोटार वाहन निरीक्षक साहेबांनी जे केलं ते पाहण्यासारखं होतं. उजव्या बाजूच्या लांब पट्टीवर चेसिस नंबर ठोकलेला होता. त्यांनी थिनरच्या फडक्याने तो भाग पुसला, पातळ कागद ठेवला आणि पेन्सिल आडवी धरून घासली. कागदावर नंबर उमटला. सगळे आकडे एका ओळीत, फक्त मधले तीन किंचित वर आणि बाकीच्यांपेक्षा खोल. मग त्यांनी टॉर्च तिरपा धरला. त्या तीन आकड्यांभोवती गोल गोल ओरखडे दिसत होते, ग्राइंडर फिरवल्यावर उमटतात तसे. बोट फिरवलं तर तिथे पट्टी हलकीशी खोलगट लागत होती. मूळ आकडे घासून त्यावर कागदातले आकडे ठोकले होते. साहेबांनी शांतपणे सांगितलं, "याची नोंदणी होणार नाही. तुम्ही स्वतः तक्रार दिली नाहीत तर उद्या संशय तुमच्यावर येईल." कागद आणि टॉर्च एवढ्याच सामानात पाच मिनिटांत हे कळलं. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण गाडी गॅरेजला लागण्याआधी कोणीही एवढं करू शकतं.

इथे त्या लोकांचा पुढचा डाव सुरू झाला. व्यापाऱ्याने लगेच मार्ग काढला: ईशान्येकडच्या एका राज्यात गाडी 'चढवून' देतो, तिथली आरसी येईल, मग एनओसी आणून इथे ट्रान्सफर करू, फक्त आणखी सत्तर हजार. आरसीचा फोटोही पाठवला. तो नंबर मी एम-परिवहन ॲपवर टाकला तर वाहनाचा वर्ग ट्रॅक्टर. पैसे अडकलेत म्हणून या टप्प्यावर हो म्हणावंसं वाटतं, आणि बरेच जण म्हणतात. पण तोपर्यंत आपण फसवले गेलेले असतो. खोटी आरसी खिशात घेऊन ट्रक चालवला की आपणच गुन्हेगार ठरतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४० मध्ये बनावट कागद खरा म्हणून वापरणारा येतो, तो विकत घेतलेला असो की स्वतः बनवलेला.

आणि 'खासगी पासिंग करून देतो, परमिट लागणार नाही' हे वाक्यही ऐकाल. एवढ्या वजनाचा ट्रक मालवाहू वाहनच ठरतो. त्याला योग्यता प्रमाणपत्र लागतं, आणि एकूण वजन तीन टनांच्या वर असल्याने परमिटही लागतं, मग त्यात तुम्ही स्वतःच्याच बागेचं खत वाहा. 'परमिट लागणार नाही' म्हणणाऱ्या व्यापाऱ्याला मुळात पासिंग करूनच द्यायचं नसतं.

डेपोच्या कमांडंटना मी पत्र लिहिलं, सोबत माहिती अधिकाराचा अर्ज जोडला, त्यात दाखल्याचा क्रमांक, तारीख आणि चेसिस नंबर दिला. उत्तर आलं की या क्रमांकाचा दाखला त्यांनी दिलेलाच नाही. हे पत्र हातात आल्यावर पोलिस ठाण्यात बोलण्याची रीतच बदलली. तोवर 'हा तुमचा आपसातला व्यवहार, दिवाणी कोर्टात जा' असं ऐकवत होते. आता फसवणुकीचं कलम ३१८(४) आणि बनावट दस्तऐवजाची कलमं लागली आहेत आणि ट्रक मुद्देमाल म्हणून जप्त आहे. हेच पत्र इसार देण्याआधी पाठवता येतं. महिनाभर थांबावं लागेल, ट्रक कुठे पळून जात नाही. "आज टोकन नाही दिलं तर दुसरा गिऱ्हाईक उभा आहे" असं म्हणणाऱ्याला खुशाल दुसरा गिऱ्हाईक घेऊ द्या.

पैसे मी काही बँकेतून, काही यूपीआयने आणि गॅरेजचे बरेचसे रोख दिले होते. रोखीचा भाग सिद्ध करणं आज सगळ्यात जड जातंय. यूपीआयने फसवलं गेल्याचं त्याच दिवशी लक्षात आलं तर १९३० वर लगेच फोन करा, रक्कम खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते. माझ्या बाबतीत ती वेळ कधीच टळून गेली होती.

तपासात पोलिसांना व्यापाऱ्याच्या फोनमध्ये माझ्यासारखेच आणखी दाखले सापडले, नावं वेगळी, शिक्का तोच. म्हणजे असे ट्रक अजून कोणाकोणाच्या अंगणात उभे असणार. पुण्याकडून असा एलपीटीए घेतला असेल, तर आजच बिलावरचा एचएसएन नंबर पाहा, टॉर्च घेऊन चेसिसची पट्टी तपासा आणि फॉर्म २१ घेऊन आपल्या पोलिस ठाण्यात जबाब द्या. एकट्याच्या तक्रारीत तो जामिनावर सुटून पुन्हा दुकान मांडतो. चार जिल्ह्यांतून चार तक्रारी आल्या तर त्याला ते सोपं जाणार नाही.