मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचं फूट पेडल, ८ महिने वापरून

आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात बसून मी अमेरिकेतल्या डॉक्टरांचे रिपोर्ट टाइप करते, पेशंट तपासून झाला की डॉक्टर बोलून ठेवतो अन् आपण कानात हेडफोन घालून ते लिहून द्यायचं. पहिली दोन वर्षं बिना पेडलचीच काढली. थांबवायचं की एक बटन, मागं जायचं की दुसरी बटन, मंग परत टायपिंग. आम्हाला पैसे लाइनवर मिळतात अन् एक लाइन म्हणजे स्पेस धरून ६५ अक्षरं, म्हणून बोट अक्षरांवरून उचललं की तेवढी कमाई गेलीच समजा. शेवटी मागच्या दिवाळीत जीव घट्ट करून साडेचार हजाराचं यूएसबी पेडल मागवलं.

कुरियर आमच्या गावात येत नाही, हे आर्वीहून गाडीवर घेऊन आले. खोकं उघडल्याबरोबर सासूबाई म्हणे, "काऊन वं, पायडल घेतलं अन् मशीन कुठं हाये?" त्या शिवणकाम करतात ना. पण काम खरंच तसंच आहे, मधला मोठा भाग दाबला की आवाज चालू, पाय उचलला की बंद, डावीकडे मागं अन् उजवीकडे पुढं. हात कीबोर्डवरच.

जोडणं सोपं आहे, एक्स्प्रेस स्क्राइब म्हणजे रेकॉर्डिंग ऐकत टाइप करायचं सॉफ्टवेअर, त्यात पेडल ओळखायला दहा मिनिटं लागली असतील. फुकटवाल्यात माझं भागते, तुमच्याकडे डीएसएसच्या (डिक्टेशन रेकॉर्डरच्या खास) फाइली येत असतील तर मात्र पैसेवालंच घ्यावं लागते.

आता एक गोष्ट जी खोक्यावर कुठंच लिहिलेली नव्हती. ऑटो बॅकस्टेप म्हणून सेटिंग असते, पाय उचलून परत दाबला की आवाज थोडा मागून सुरू होते. माझ्याकडे ते शून्यावर होतं अन् मला पत्ताच नाही. मी आपली दाब-सोड दाब-सोड करून राहिली, अन् नेमका जोडावरचा एखादा शब्द गळून राहिला. एका कार्डिओलॉजीच्या रिपोर्टमध्ये "नो चेस्ट पेन" मधला "नो" गेला. क्यूएवाल्या, म्हणजे आमचं काम तपासणाऱ्या, मॅडमनं फाइल लाल करून परत पाठवली, अन् बरोबरच केलं बाप्पा, छातीत दुखत नाही अन् दुखते यात किती फरक आहे! तेव्हापासून बॅकस्टेप दीड सेकंदावर आहे अन् मला तेवढंच सूट होते. नवीन घेणाऱ्यानं हे सगळ्यात आधी बघा.

कान मात्र आपलेच लागतात. डिस्फेजिया म्हणजे गिळायला त्रास अन् डिस्फेझिया म्हणजे बोलायला, फरक एका आवाजाचा, अन् डॉक्टर काही खाता खाता बोलत असेल तर पाच वेळा मागं घेऊनही पक्कं होत नाही. इलियम तर दोन आहेत, आतड्याचा अन् कमरेच्या हाडाचा, उच्चार अगदी सारखा, तिथं आजूबाजूचं वाक्य वाचूनच स्पेलिंग ठरवायचं. तरी नाही कळलं तर ब्लँक सोडायचा, अंदाजानं भरायचा नाही. पेडल घेतलं की स्पीड आपोआप वाढते असं समजून नवीन पोरी पैसे घालतात, आधी ॲनाटॉमी अन् औषधांची नावं पाठ करा ना. अन् आजकाल अर्ध्या फाइली मशीननं लिहिलेल्याच येतात, आपण फक्त ऐकून दुरुस्त करायच्या. मला वाटलं होतं आता पेडलचं काय काम, पण एडिटिंगमध्ये जास्तच मागं-पुढं करावं लागते.

तक्रार एकच, पण रोजची. खालचं रबर गुळगुळीत फरशीवर पकड घेतच नाही. पेडल सरकत सरकत टेबलाखाली जाते, अन् रात्री दोन वाजता स्टॅट म्हणजे तातडीची फाइल हातात असताना मी पायानं ते शोधत बसते. शेवटी तुरीच्या पोत्याचं बारदान कापून खाली टाकलं, तेव्हा जागेवर राहिलं. लाइट गेली तर काही अडत नाही, पेडल लॅपटॉपवरच चालते, नेटचा राऊटर तेवढा इन्व्हर्टरवर टाकून ठेवा. वायर भिंतीला टेपनं चिकटवून ठेवली आहे, आमच्याकडे उंदीर आहेत.

५ पैकी ४, एक स्टार त्या रबराचा कापला. बारदान माझं होतं.